प्रसंगगाळ

मगदूमांच्या घरात कामाची वाटणी मुलगी जन्मायच्या आधीच झाली होती. बाळाला न्हाऊ घालणं, भरवणं, ताप बघणं, वेणी घालणं, शाळेतल्या बाईंशी भांडणं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याशीच गोड बोलणं, हे सगळं स्नेहलकडे. श्रेणिककडे एकच खातं होतं, अभ्यासाचं. तो अभ्यास घ्यायचा. आपल्याकडे आया मुलं वाढवतात आणि बाप त्यांचा अभ्यास घेतात. घेतलेला अभ्यास ते पुढे कुठे ठेवतात, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

श्रेणिक मगदूम सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. उसाचा रस गढूळ येतो. त्यात चुना घालायचा, तो तापवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचा निवळ रस पुढे साखरेला पाठवायचा. रस पुरेसा निवळला की नाही, ते काचेच्या नळीतून बघून सांगणं हे श्रेणिकचं काम. दिवसभर गाळ बघून आलेल्या माणसाला संध्याकाळी लेकीचं तोंड बघावंसं वाटणं साहजिक आहे. पण नुसतं तोंड कसं बघायचं, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून तो पाढे विचारायचा.

मगदूम जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. शेजारी कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागायच्या तेव्हा यांचा ओटा पुसून झालेला असे आणि परवचा सुरू झालेला असे. परवचा म्हणजे दिवेलागणीला मोठ्यांदा पाढे म्हणायचे. ही चाल बाकीच्या घरांतून कधीच उठली होती. ज्या काळात घराची भिंतसुद्धा विचारलं की गुणाकार सांगत होती, त्या काळात तोंडाने पाढे म्हणणं म्हणजे विहिरीवर पाणी भरायला जाण्यासारखं. श्रेणिकने मात्र ऋजुता बालवाडीत असल्यापासून तिचा परवचा चुकवला नव्हता.

त्याची पद्धतही त्याचीच होती. बिनलसणीचं भडंग, जे सांगलीत मिळवायला ओळख लागते, एका वाटीत काढलेलं असे. खाण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. सूर्यास्तानंतर या घरात कुणी काही खात नसे. भडंग मोजता मोजता आपोआप कमी होत असे आणि स्नेहल त्या वेळी दुसरीकडे बघत असे.

"एकोणतीसचा पाढा कसा म्हणायचा?"

"तिसाचा म्हणायचा आणि दर खेपेला पप्पाने एक शेंगदाणा खाल्ला असं समजायचं."

"एकोणतीस साते?"

"दोनशे दहा, त्यातले सात तू खाल्लेस, दोनशे तीन. ए पप्पा, तू खरंच खाल्लास! अंधार पडलाय. मम्मीला सांगू?"

"खाल्ला नाही गं. वजा केला."

चौथीत तरफेचा धडा आला तेव्हा तो तिला शाळा सुटल्यावर थेट आमराईत घेऊन गेला. बागेतल्या सी-सॉच्या एका टोकाला ऋजुता बसली, दुसऱ्या टोकाला श्रेणिक बसला आणि ऋजुता जी वर गेली ती वरच राहिली. जड माणसाने टेकूच्या जवळ सरकायचं, मग हलक्याशी समतोल होतो, हे दाखवण्यासाठी तो बसल्या बसल्या पुढे सरकत गेला. समतोल झाला. त्याच क्षणी त्याची पँट मागून फाटली, आणि आवाज असा आला की बागेचा रखवालदार धावत आला. त्याने पाटी दाखवली: बारा वर्षांखालील मुलांसाठी. ऋजुताला हसून हसून उचकी लागली. परत येताना ती दप्तर दोन्ही हातांत धरून बापाच्या पाठीमागून अगदी चिकटून चालत आली, लोकांना दिसू नये म्हणून. त्या धड्यावरच्या चाचणीत तिला वीसपैकी अठरा मिळाले. दोघं खूश होते.

अठरावर खूश होण्याचे दिवस मात्र संपत आले होते.

*

ऋजुता पाचवीत गेली त्या वर्षी बाजारात 'धारणा' नावाची पट्टी आली.

कपाळाला बांधायची, बोटभर रुंदीची, मऊ. तिच्या मागचं विज्ञान तसं सरळ आहे. आपण काही शिकतो तेव्हा मेंदू त्याच्या दोन नोंदी करतो. एक नोंद गोष्टीची: सात नवे त्रेसष्ट. दुसरी नोंद प्रसंगाची: ते कुणी सांगितलं, कुठे बसलो होतो, बाहेर पाऊस होता का, सांगणाऱ्याच्या तोंडाला वास कसला येत होता. प्रसंगाची नोंद मेंदूच्या आतल्या एका वळकटीसारख्या भागात राहते. झोपेत मेंदू दिवसभराचे प्रसंग पुन्हा पुन्हा चाळतो, त्यांतली गोष्ट वेचून बाहेरच्या थरात नेऊन बसवतो, आणि रिकामा झालेला प्रसंग हळूहळू विरतो. याला वर्षं लागतात. सात नवे त्रेसष्ट हे आपल्याला मरेपर्यंत येतं, पण ते कोणत्या दिवशी आलं हे कुणालाच सांगता येत नाही, ते यामुळे.

'धारणा' हेच काम एका रात्रीत करायची. अभ्यास चालू असताना पट्टी मेंदूतल्या जाग्या झालेल्या आठवणींवर खूण करायची आणि मुलगा झोपला की त्या खुणेच्या आठवणींना झोपेच्या लाटांबरोबर बारीक ठोके द्यायची. सकाळी गोष्ट पक्की, प्रसंग साफ. कंपनीने हे लपवलं नव्हतं. उलट खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: प्रसंगगाळाचा संपूर्ण निचरा! उत्तर आठवताना मध्ये काही येत नाही!

श्रेणिकने ते वाचलं आणि त्याला कंपनीबद्दल आदर वाटला. गाळ काढल्याशिवाय साखर पांढरी होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

घेणं भागच होतं. वर्गातल्या सगळ्यांना वीसपैकी वीस पडायला लागल्यावर अठरा म्हणजे नापासच. ऋजुता दर आठवड्याला चाचणीचा निकाल आला की उशीत तोंड खुपसून रडायची.

पट्टीबरोबर सूचना होती: पाल्याला पट्टी बांधून पडद्यासमोर एकटे बसवावे. शेजारचा ईशान तसाच बसायचा. पण लेकराला यंत्रावर सोडून आपण बाहेर सोफ्यावर बसायचं, हे श्रेणिकच्या मनाला पटेना. पट्टी बांधून तो स्वतः समोर बसला. आणि कारखान्यातली सवय अशी की खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. त्याने पाचवीचा धडा बाजूला ठेवला आणि पार बालवाडीपासून उजळणी सुरू केली. पाढे, बाराखडी, नद्या, ऋतू, अपूर्णांक. प्रत्येक वेळी तो डोळे मिचकावून विचारायचा, "हे आपण कसं केलं होतं, आठवतं का?"

ऋजुताला आठवायचं. ती हसत हसत सगळं सांगायची. तिच्या कपाळावर पट्टीचा हिरवा दिवा लुकलुकत असायचा.

पुढच्या चाचणीत वीसपैकी वीस. त्याच्या पुढच्या चाचणीतही. श्रेणिकने प्रयोगशाळेत पेढे वाटले.

*

दिवाळीनंतर जयसिंगपूरला कमलआत्याकडे सगळे जमले. आत्याने भर पंगतीत ऋजुताला उभं केलं.

"म्हण बघू एकोणतीसचा."

ऋजुताने तो न अडखळता, न थांबता, स्टेशनवरची सूचना असावी तसा म्हटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रेणिक ताटाकडे बघत हसू दाबत बसला.

"कुणी गं शिकवला एवढा छान?" आत्याने विचारलं.

"कुणी नाही," ऋजुता म्हणाली. "मला येतो."

पंगत खो खो हसली. "बघ रे श्रेणिक, तुझी लेक तुला विचारत नाही!" आत्या म्हणाली. श्रेणिकही हसला. पोर चेष्टा करतेय, त्याला वाटलं.

परत येताना गाडी आपली आपण चालत होती. स्नेहलला पुढे डुलकी लागली होती. श्रेणिक मागे ऋजुताशेजारी बसला.

"एकोणतीस साते?"

"दोनशे तीन."

"आणि ते सात कुठे गेले?"

"कुठले सात?"

"पप्पाने खाल्लेले."

ऋजुताने त्याच्याकडे नीट बघितलं. मग आईच्या पिशवीत हात घालून तिने एक केळं काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"तुम्हाला भूक लागलीय का, पप्पा?"

तिने खूप प्रेमळपणे विचारलं. आजारी पाहुण्याला विचारतात तसं. आणि 'तुम्हाला' म्हणाली. घरात सहा वर्षं ज्याला 'ए पप्पा' होतं, त्याला.

श्रेणिकने केळं घेतलं. बाहेर सूर्य बुडून बराच वेळ झाला होता. त्याने ते सोलून सावकाश खाल्लं, आणि ऋजुता काही बोलली नाही.

*

कंपनीचं सल्लाकेंद्र मिरज रस्त्यावर होतं. तिथल्या डॉक्टर केतकी उपळेकर वयाने लहान आणि मनाने चांगल्या होत्या, त्यामुळे त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"आठवण काढली ना, की ती मऊ होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे आपण ती कपाटातून बाहेर काढतो, आणि परत ठेवताना मेंदू ती नव्याने घडी घालून ठेवतो. पट्टी त्या वेळी काम करते. फक्त गोष्ट परत ठेवते. तुम्ही सांगितलंत तो शेजारचा ईशान पडद्यावरून शिकला, त्याचा पडदा गेला. कुणाचं काही बिघडलं नाही. तुमच्याकडे..."

"आमच्याकडे मी होतो."

"तुम्ही जुनं सगळं आठवायला लावलंत ना. कुणीच असं करत नाही हो. एवढी उजळणी आम्ही धरलेलीच नव्हती."

"पण ती मला ओळखते."

"ओळखणारच. वडील म्हणून माहिती आहे तिला. ती गोष्ट आहे, ती पक्की आहे."

"आणि तिची आई?"

"आई अभ्यास घेते का?"

"नाही."

"मग आईला काही नाही होणार."

गेल्या सहा वर्षांत लेकीबरोबर आपण अभ्यासाशिवाय काय केलं, ते श्रेणिक आठवत होता. एकदा तिला दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं. वाटेत त्याने दातांचे प्रकार विचारले होते. तेही पुढे उजळणीत आले होते.

"परत आणता येईल?"

डॉक्टरांनी मान हलवली. "तुम्हीच सांगा. कारखान्यात काढलेला गाळ तुम्ही परत रसात घालता का?"

"नाही," श्रेणिक म्हणाला. "आम्ही तो शेतात टाकतो. त्याच्यावर पुढचा ऊस चांगला येतो."

डॉक्टर म्हणाल्या, "ज्याची अजून उजळणी झालेली नाही असं काही आहे का? ते तिच्यापाशी असेल. पट्टी नसताना खुशाल बोला त्यावर, काही होत नाही."

उजळणी अजून चौथीतल्या तरफेपर्यंत आली नव्हती. घरी येऊन त्याने आधी पट्टी खणात ठेवली, खण बंद केला आणि मग विचारलं.

"ऋजू, आमराईतला सी-सॉ आठवतो?"

ऋजुताने वर बघितलं. तिचा चेहरा एकदम उघडला. "पँट!" ती किंचाळली. "ए पप्पा, तुझी पँट! टर्रकन! आणि तो काका पाटी दाखवत होता!" ती खुर्चीवरून खाली घसरली. तिला उचकी लागली.

श्रेणिक हसला आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला.

*

बापाने त्याच दिवशी पट्टी फेकून दिली असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही फेकली. जिल्हा प्रावीण्य परीक्षा तोंडावर होती.

"बंद करून टाक," स्नेहल म्हणाली.

"बाकीचं तर गेलंच आहे. आता बंद करून मार्कही घालवू? नुसता तरफेचा धडा सोडतो. तेवढा राहू दे."

"आणि तिने विचारलं तर?"

"परीक्षेत येणार नाही म्हणून सांगतो."

ऋजुताने विचारलं. श्रेणिकने सांगितलं. अभ्यासाच्या बाबतीत बाप बोलला तो शेवटचा शब्द, ही गोष्ट तिच्या डोक्यात पक्की होती. तिने पान उलटलं.

परीक्षेत प्रश्न आला. पहिल्या प्रकारच्या तरफेवर समतोल कसा साधतात, ते उदाहरण देऊन स्पष्ट करा.

निकालाबरोबर उत्तरपत्रिका घरच्या पडद्यावर आली. ऋजुताने लिहिलं होतं: 'एका टोकाला पप्पा बसतो. तो जड असतो म्हणून मी वर राहते. मी त्याला उतर म्हणते. तो म्हणतो उतरलो तर तू आपटशील. मग तो माझ्याकडे सरकत सरकत येतो. त्याची पँट फाटते. मग आम्ही सारखे होतो.'

तपासणाऱ्या यंत्राला त्यात टेकू सापडला नाही, भार सापडला नाही, बलही सापडलं नाही. त्याने शून्य दिलं होतं, आणि यंत्राच्या बाजूने बघितलं तर बरोबरच दिलं होतं. श्रेणिक ते उत्तर उभ्यानेच वाचत राहिला. आपल्याबद्दल कुणी इतकं नेमकं लिहिलेलं त्याने पूर्वी वाचलं नव्हतं.

आतून ऋजुताचं रडणं ऐकू येत होतं. "पप्पांनी सांगितलं होतं येणार नाही म्हणून! मम्मी, त्यांनी सांगितलं होतं!"

ती निवडयादीत यायला थोडक्यात हुकली होती. काठावरच्या मुलांना सोमवारी फेरपरीक्षा होती आणि शाळेचा नियम असा, की जे चुकलं त्याचीच तयारी करून यायचं.

*

रविवारी दिवस मावळला. ओटा पुसून झाला. ऋजुताने स्वतःच खण उघडला, पट्टी काढली आणि श्रेणिकसमोर येऊन बसली. तिचे डोळे अजून सुजलेले होते.

"बांधून द्या ना मागून."

"आज पट्टीशिवाय करू."

"पट्टीशिवाय केलेलं म्हणूनच तर चुकलं."

मुलीला मुद्देसूद बोलायला त्यानेच शिकवलं होतं, जरी आता ते तिला माहीत नसलं तरी.

"हे बघ ऋजू. ही पट्टी लावून तू तो सी-सॉ आठवलास ना, की उद्या तुला तरफ येईल. पण तो दिवस जाईल. मी त्यात होतो, ते जाईल."

ऋजुता विचारात पडली. तिने खरंच मनापासून विचार केला.

"पण तुम्ही तर घरीच असता," ती म्हणाली. "रोज."

स्वयंपाकघराच्या दारात स्नेहल उभी होती. "श्रेणिक, नको म्हण तिला," ती हळूच म्हणाली.

"नको म्हटलं तर ती आत जाऊन एकटी करेल."

"मी पट्टी लपवते."

"आणि उद्या परत रडली तर?"

रडणं स्नेहलच्या खात्यात येत होतं आणि गेला आठवडाभर ते तिने एकटीने सांभाळलं होतं. ती आत गेली, वाटीत भडंग घेऊन आली, ती दोघांच्या मध्ये ठेवली आणि दुसरीकडे बघत उभी राहिली.

श्रेणिकने ऋजुताचे केस बाजूला केले आणि पट्टीची गाठ बांधली. हिरवा दिवा लागला.

"हं," तो म्हणाला. "कुठे गेलो होतो आपण?"

"आमराईत."

"कुणाला कुठे बसवलं?"

त्याने काही हातचं राखलं नाही. सगळं विचारलं. झाडं कुठली होती, सी-सॉचा रंग कसा होता, ती वर अडकली तेव्हा तिथून काय काय दिसत होतं. ऋजुता सांगत गेली आणि सांगता सांगता तिचे सुजलेले डोळे हसायला लागले. "तुम्ही" कधी गळालं, तिलाही कळलं नाही. श्रेणिक खुर्चीवरून उठून जमिनीवर बसला आणि पुढे सरकून दाखवू लागला. पँट फाटल्याचा आवाज त्याने तोंडाने काढला. स्नेहल तोंडाला पदर लावून वळली. ती हसत होती की काय, हे दिसलं नाही.

"म्हणजे जड माणूस कुठे सरकतो?"

"टेकूकडे. मध्ये. माझ्याकडे."

"आणि मग?"

"मग समतोल! आणि मग येताना मी दप्तर धरून तुझ्या मागे मागे, अशी चिकटून."

"का गं?"

"लोकांना दिसू नये म्हणून! सगळे तुला हसले असते." ती थांबली. "ए पप्पा, तू रडतोयस?"

"भडंग तिखट आहे."

"म्हणजे तू खाल्लंस! अंधार पडलाय! मम्मीला सांगू?"

हे वाक्य तिच्यात कुठे शिल्लक नव्हतं. ते तिने आत्ता, या क्षणी, नव्याने केलं होतं, जसंच्या तसं. श्रेणिक तिच्या कपाळाकडे बघत राहिला. हिरवा दिवा लुकलुकत होता. तेही नोंदवून घेत होता.

"सांग," तो म्हणाला. "मोठ्यांदा सांग."

*

सोमवारी सकाळी तो तिला सोडायला शाळेच्या फाटकापर्यंत गेला. ऋजुता शांत होती. चेहरा ताजातवाना, झोप चांगली झालेली.

"पहिल्या प्रकारची तरफ?" श्रेणिकने विचारलं.

"टेकू मध्ये असतो. त्याच्या एका बाजूला भार, दुसऱ्या बाजूला बल. जड वस्तू टेकूच्या जवळ आणि हलकी वस्तू लांब ठेवली की समतोल साधतो. उदाहरणार्थ, सी-सॉ."

एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. उत्तर इतकं निवळ होतं की काचेच्या नळीतून आरपार दिसलं असतं.

घंटा झाली. मुलं आत पळायला लागली. विचारायचं नाही, असं तो घरापासून स्वतःला बजावत आला होता.

"कुठला सी-सॉ, ऋजू?"

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मोठ्या माणसाला एखादी सोपी गोष्ट कळत नाही तेव्हा शहाणी मुलं बघतात, तसं, न हसता.

"कुठलाही चालतो, पप्पा," ती म्हणाली, आणि दप्तर पाठीला अडकवून आत गेली.